दुसऱ्या भागाची पहिली सीडी

पहिली सीडी संपायच्या थोडं आधी माझी बायको चहा ठेवायला उठली आणि माझ्या काळजात धस्स झालं.

ज्यांनी व्हीसीडीचा काळ पाहिला नाही त्यांना यात धस्स होण्यासारखं काही दिसणार नाही. तेव्हा एक पिक्चर दोन सीड्यांवर यायचा. पहिली सीडी मध्यांतरालाच संपेल अशी काही सोय नसायची. जागा भरली की संपली. माणूस विहिरीत डोकावतोय, मागून पावलं वाजतायत, आणि टीव्ही निळा. मग कोणीतरी म्हणायचं, चला, तोवर चहा करून घ्या. आधी टीव्ही निळा व्हायचा, मग चहाची आठवण यायची. त्या रविवारी दुपारी कुडव्याच्या आमच्या घरात हा क्रम उलटा झाला. टीव्हीवर एक मुलगी जंगलातून धावत होती, मागे सुरा घेतलेला मुखवटेवाला होता, आणि बायको शांतपणे उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग टीव्ही निळा झाला.

पिक्चर नवा होता. मी तो आदल्या दिवशी सीडी लायब्ररीतून तिला न सांगता आणला होता. पहिली सीडी नेमकी कुठे संपते हे तिला कसं ठाऊक?

माझं मन त्याआधीच नासलं होतं, हेही सांगायला हवं. मी मुळात स्वतःवरच संशय घेणारा माणूस. लहानपणी वर्गात कोणाची पेन्सिल हरवली आणि गुरुजींनी "कोणी घेतली?" असं विचारलं की माझे कान तापायचे. घेतलेली नसायची, तरी तापायचे. असा माणूस दुसऱ्यावर संशय घ्यायला लागला की त्यातही तो चोरासारखाच वागतो. दोन-तीन महिने मी तसाच वागत होतो.

या पिक्चरचा पहिला भाग आम्ही तिच्या माहेरी पाहिला होता. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासरी राहायला गेलो, अर्जुनी मोरगावच्या पलीकडच्या गावात. जावई आले म्हणून तिच्या चुलतभावांनी भाड्याने रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेयर आणला. उजेड येऊ नये म्हणून खिडकीला चादर ठोकली आणि भर दुपारी इंग्रजी पिक्चर हिंदीत लावला. मुखवटा घातलेला कोणीतरी कॉलेजातल्या पोरांना एकेक करून मारत सुटतो, एवढीच त्याची गोष्ट. घर माणसांनी भरलं होतं. आमच्याकडे दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं पाहायची सवय, त्यामुळे लोक टीव्हीतल्या पोरांशीही बोलत होते. "त्या खोलीत जाऊ नको, तो अंदर बसला हाय."

मला सगळ्यांच्या पुढे खुर्ची दिली होती. जावई म्हणून. आणि मला रक्त बघवत नाही. सुरा निघाला की मी चष्म्याआड डोळे मिटून घ्यायचो, कोणाला कळत नसेल असं समजून. दुसऱ्या का तिसऱ्या खुनानंतर खाली चटईवरून, अगदी हळू, आवाज आला.

"झालं. आता उघडा."

माझी बायको खुर्चीला टेकून बसली होती. मान वर न करता ती बोलली. त्यानंतर प्रत्येक वेळी मी डोळे मिटायचो आणि ती सांगायची, उघडा. लग्नाला काही दिवस झाले होते, पण आपण होऊन ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ही अशी. शेवटी मुखवटेवाला तळ्यात पडला, पोरं सुटली म्हणून बघणारे उठले, आणि पाण्यातून एक हात वर आला. पिक्चर संपला. मुखवट्याच्या आत कोण, ते सांगितलंच नाही. जेवणं होईपर्यंत वाद चालला. बायको म्हणाली, "दुसरा भाग येईन. तवा समजन."

आमच्या घरी मात्र तिला बोलायला कोणी नव्हतं. माझ्या आईला, मी तिला माय म्हणतो, आपल्या भावाची मुलगी सून करायची होती. बाबांनी जाण्याआधी दुसरीकडे शब्द दिला होता आणि मी तो पाळला. मायनं लग्नात फुलं टाकली, पण सुनेशी बोलणं टाकलं. भांडण नाही, टोमणा नाही. फक्त सरळ बोलायचं नाही. एका घरात, एका चुलीवरचं जेवून, दोघींचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं.

"तिले सांग, वरणात मीठ कमी हाय."

"आई म्हणते, वरणात मीठ कमी आहे."

"उद्या बरोबर टाकीन म्हणावं."

"ती म्हणते, उद्या बरोबर टाकीन."

दोघी एकमेकींपासून हाताच्या अंतरावर बसलेल्या असायच्या. आपल्यामुळे हे होतंय, या विचाराने मला घास जात नसे. सकाळी गाडीने अर्जुनीला शाळेत शिकवायला जायचो, संध्याकाळी परत यायचो, आणि दिवसभर डोळ्यांसमोर तेच घर असायचं: दोन बाया, दोन खोल्या, आणि मी घरी येईपर्यंत एक शब्द नाही. माय सकाळी विहारात जायची. दुपारी ती शेजारच्या बायांसोबत विड्या वळायला जाते असा माझा समज होता. आता गरज नाही, सोड ते, असं मी म्हणायचो. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून ती ऐकायची नाही.

एकदा मी सीडी आणून एक मारधाडीचा पिक्चर लावला होता, तेव्हा माय उठून मागच्या पडवीत गेली. मी बायकोला खोलीत नेऊन समजावलं, "माय पंचशील मानणारी आहे. तिच्यासमोर असले पिक्चर लावायचे नाहीत." तिने मान हलवली.

मग एके दिवशी शाळा लवकर सुटली आणि मी दुपारच्या गाडीने आलो. बायकोने दार उघडायला वेळ लावला. मी सहज म्हणून विचारलं, "टीव्ही पाहत होतीस का?"

"लाइट नव्हती दुपारभर."

मी चष्मा ठेवायला टीव्हीकडे गेलो आणि हात त्याच्या पाठीला लागला. पाठ गरम होती. तेव्हाचे टीव्ही मागून फुगलेले, तास-दोन तास चालले की तापायचे. लाइट नव्हती तर टीव्ही कशाने तापला? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथेच मिटलं असतं, पण मी विचारणाऱ्यांतला नव्हे. त्या दिवसापासून मी घरी आलो की चपला काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीला हात लावायचो, आजारी पोराचं अंग बघावं तसा. संध्याकाळपर्यंत तो थंड झालेला असायचा. थंड लागला की वाटायचं, वेळेवर बंद करतात.

'करतात' हे माझ्या मनात कधी आलं ते कळलं नाही. आधी 'करते' होतं.

मग फोन. सुट्टीचा दिवस होता, फोन मी उचलला.

"भाभी हैं क्या?"

"कौन बोल रहा है?"

"कुछ नहीं भैया, बाद में करता हूँ."

आवाज ओळखीचा होता. आमच्या भागात केबल चालवणारा. तिशीचा माणूस, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, शिडी खांद्यावर. त्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. संध्याकाळी त्याच्यावर वाढदिवसांच्या शुभेच्छा आणि टेलरच्या जाहिराती फिरायच्या. दुपारी काय असायचं ते मला माहीत नव्हतं, दुपारी मी शाळेत. दोन महिन्यांत तो वायर बघायला तीनदा येऊन गेल्याचं बायकोनेच सांगितलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता मी त्या वायरीकडे बघत बसलो. वायर चांगली होती.

आणि एकदा पुढच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या चटईवर, तेंदूपानाची कातरण सापडली. माय विड्यांची पानं कापते ती मागच्या पडवीत. पुढच्या खोलीत ती बसत नाही, टीव्ही बघत नाही. म्हणजे कोणाच्या तरी चपलेला चिकटून ती कातरण आली. म्हणजे कोणीतरी मागच्या दाराने, पडवीतून, पुढच्या खोलीत आलं. मी ती कातरण खिशात ठेवली. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून खिशात ती चाचपत बसायचो. पोरं सतराचा पाढा चुकत होती आणि मी ऐकत नव्हतो.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त छळायची. ती खूश दिसायला लागली होती. भाजी चिरताना गुणगुणायची. जिच्याशी दिवसभर घरात कोणी बोलत नाही ती बाई कशाने खूश होते?

अशा अवस्थेत मी दुसरा भाग आणला. लायब्ररीवाला म्हणाला, "नवीन हाय मास्तर, पण एवढा जमला नाई." मी म्हटलं, असू दे. मला पिक्चर नकोच होता. मला ती दुपार परत हवी होती, चटई आणि 'आता उघडा'. ती दुपार परत आली तर उरलेलं सगळं खोटं ठरेल असं मला वाटत होतं. रविवार होता, माय मागे पडवीत होती. मी आवाज कमी केला आणि लावला.

पिक्चर खरंच वाईट होता. कव्हरवर पहिल्या भागातल्या वाचलेल्या मुलीचा मोठा फोटो, आणि ती पाच मिनिटांत मेली, तीही फोनवर बोलताना, मागून. मग नवी पोरं आली. ती कोण, त्यांना का मारायचं, मुखवटेवाल्यालाही माहीत नसावं. जागा भरायला पहिल्या भागातले खून पुन्हा दाखवले, 'आठवण' म्हणून. हिंदी आवाज तर दोनच माणसांचे होते. मरणारा आणि मारणारा एकाच आवाजात बोलायचे. बायको चटईवर बसली होती, तशीच खुर्चीला टेकून. मी पिक्चर पाहत नव्हतो, तिची मान पाहत होतो. ती कुठेच दचकली नाही.

एक पोरगा जिना चढत होता. वर काही नव्हतं, आवाज नव्हता, मला भीतीही वाटली नव्हती.

"आता मिटा," ती म्हणाली.

मी मिटले. लगेच किंकाळी आली.

सासरच्या त्या दुपारी तिने मला एकदाही 'मिटा' म्हटलं नव्हतं. म्हणूच शकत नव्हती. पुढे काय येणार ते तिला तेव्हा कुठे माहीत होतं? मिटायचो मी आपल्या भीतीने, ती फक्त उघडा म्हणायची. डोळे मिटलेलेच ठेवून मी हा हिशेब केला. त्यानंतर थोड्याच वेळात ती चहाला उठली आणि टीव्ही निळा झाला.

ती कप घेऊन आली तेव्हा दुसरी सीडी माझ्या हातात होती. मी ती लावली नाही.

"तू पाहिलाय हा पिक्चर."

"नाही तं."

"सीडी संपणार हे तुला कळलं कसं?"

"असंच उठली."

"आणि 'मिटा'?"

तिने कपावर बशी झाकली, काढली.

"कोणासोबत पाहिलास?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "लाइट नव्हती त्या दिवशी टीव्ही गरम का होता? तो केबलवाला तुला फोन का करतो? मी विचारतोय ना, कोण येतं इथे दुपारी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. घाबरलेली नव्हती. एखादं न येणारं गणित बघावं तशी बघत होती.

तेवढ्यात मागच्या पडवीतून मायचा आवाज आला.

"त्या पोरीले काऊन हैरान करून राहिला रे? मास्तरच मारते सगळ्याइले. दुसऱ्या सीडीत निघते. बेकार हाय पिक्चर, राहू दे."

माय आत आली. मांडीवरचं सूप तसंच हातात, त्यात तेंदूपानं, कैची, तंबाखू. टीव्हीसमोर चटईवर बसली, रोज बसत असल्यासारखी जागा बरोबर धरून, आणि पान कापायला लागली. एक कातरण चटईवर पडली.

"तुम्ही दोघींनी पाहिला?" मी म्हणालो.

"मंग का शेजारीण आली होती? तो केबलवाला दुपारी त्याच्या चॅनलवर सीड्या लावते ना, फोन केला का लावते. ही फोन करते. नवीन आला का तो आपणच फोन करून सांगते, आज दोन वाजता हाय, बसा म्हणून."

"तू? असले पिक्चर?"

"ते काई खरं मारतात का बाबू? टमाट्याचा रस होय तो."

"मग मला का नाही सांगितलं? लाइट नव्हती म्हणून खोटं बोललात."

"मीच म्हणलं होतं तिले, असं सांगजो म्हणून. त्या दिवशी मी विड्यांसाठी पडवीत उठून गेली, तं तूच बोलला होता ना, मायसमोर लावू नको. आता तुले सांगतलं असतं तं तू तोंड पाडून बसला असता. म्हणे मी मायले पापात पाडलं. दोन दिवस जेवला नसता. तुही सवय मले माहीत नाई का?"

मला दुसरंच विचारायचं होतं. "तुम्ही दोघी बोलता?"

"मंग का मुक्यानं पाहाचा पिक्चर?"

"आणि माझ्यासमोर? 'तिले सांग, मीठ कमी हाय'?"

मायचा हात थांबला. "तशी सवय पडली," ती म्हणाली. "मंग एकदम बदलाले बी कसंतरी वाटे."

बायकोने कप माझ्यासमोर ठेवला आणि ती म्हणाली, "तुम्हाले बरं वाटे ते."

मी नाही म्हणणार होतो. म्हणालो नाही, कारण रोज संध्याकाळी दोघींच्या मध्ये बसून इकडचा शब्द तिकडे नेताना मला त्रास व्हायचा आणि त्या त्रासात मी स्वतःलाच फार मोठा वाटायचो. हे त्या क्षणी मला कळलं. तिला ते बरंच आधी कळलेलं होतं.

मग तिने विचारलं, "तुम्हाले कोण वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. कोणी नाही, सहज विचारलं, असं काहीही. पण मी पेन्सिल न घेता कान तापणारा माणूस. इथे तर पेन्सिल माझ्याच खिशात होती. मी म्हणालो, "केबलवाला."

माय हसायला लागली. इतकी हसली की सुपातली पानं चटईवर सांडली. "तो? त्याच्या तोंडातला खर्रा सुटत नाई, तो का बोलन हिच्याशी?"

बायको हसली नाही. सांडलेली पानं तिने गोळा करून सुपात टाकली. मग माझ्याकडे न बघता मायला म्हणाली,

"आई, त्यांना सांगा, चहा थंडा होऊन राहिला."

मायनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिचं हसू ओसरलं. "ती म्हणते," माय म्हणाली, "चहा पी."

त्या दिवसापासून घरातलं बोलणं मायमार्फत चालू झालं. 'त्यांना सांगा डबा भरला.' 'तिला म्हणावं आज उशीर होईल.' माय निरोप पोचवायची, पण माझ्यासारखा जसाच्या तसा नाही. त्यात स्वतःचं घालायची. "ती म्हणते डबा भरला. मी म्हणते, गाडीत खाऊन घेशीन तं शाळेत उपाशी राहशीन." कधी कधी निरोप न देताच म्हणायची, "आता तुमचं तुमी पाहा, मले विड्या हायेत." मग आम्ही दोघं गप्प. दोन बाया बोलत नाहीत या दुःखात मी इतके दिवस काढले होते. आता त्या दोघी दिवसभर बोलायच्या, माझ्यासमोर मोकळेपणाने, आणि मी त्यांचं ऐकत एकटा जेवायचो. संशय गेला होता. तो गेला म्हणून मला हलकं वाटेल असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नाही. रोज घरी आलो की हात आपोआप टीव्हीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. ती ते बघायची.

दुसरी सीडी कव्हरात तशीच टीव्हीवर पडून होती. लायब्ररीवाल्याने रस्त्यात गाठून म्हटलं, "मास्तर, पिक्चर आवडला का ठेवूनच घेतला?" मी दुसऱ्या दिवशी परत करतो म्हणालो. घरी येऊन मायला सांगितलं, तिला म्हणावं, उद्या सीडी द्यायची आहे.

माय आत गेली आणि बाहेर आली. "ती म्हणते, अर्धाच पिक्चर का वापस करता? लाव म्हणते."

सुट्टीच होती. मी दुसरी सीडी लावली. माय सूप घेऊन पुढे बसली. मी खुर्चीवर. बायको दाराशी उभी राहिली, मग थोड्या वेळाने चटईवर येऊन बसली. खुर्चीपासून जरा दूर.

पिक्चर आणखीच बिघडत गेला. शेवटी मुखवटेवाल्याने आपणच मुखवटा काढला. आत मास्तर. त्याने सुरा बाजूला ठेवला आणि आपण सगळ्यांना का मारलं ते समजावायला लागला. दोरीने बांधलेली पोरगी ऐकत होती.

"आता हा तास घेते," माय म्हणाली. "याच्यापेक्षा मारलेलं बरं."

बायको खुदकन हसली. मीही हसलो, पण आवाज न करता; त्यांच्या हसण्यात शिरायचा मला अजून हक्क आहे की नाही, ते ठाऊक नव्हतं.

मास्तरचं बोलणं संपत नव्हतं. त्याच्यामागे एक बंद कपाट होतं. सगळं शांत होतं. मायचे हात पान कापत होते. बायकोची नजर टीव्हीवरच होती.

"मिटा," ती म्हणाली.

मायला नाही, थेट मला. मी मिटले. कपाटाचं दार वाजलं, कोणीतरी ओरडलं, ढोल सुरू झाले आणि बराच वेळ वाजत राहिले. मग तेही थांबले. काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. कैचीचा आवाज येत होता. उघडून बघावं असं एकदा वाटलं.

तिने 'उघडा' म्हणायला बराच वेळ लावला. मी मिटूनच बसलो.